रुमाल टाकलेली जीप

तेर, जि. धाराशिव
होळीचा आदला दिवस

तीर्थस्वरूप दाजी,

तुमच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे उत्तरेश्वरचा, तेरहून डोकं टेकवून नमस्कार. आम्ही इकडं खुशाल आहोत. शामलाचा गुडघा चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, असं का हे मी डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला पुढच्या पेशंटला आत पाठवा. आरोही धाराशिवच्या कॉलेजात रोज जाते आणि रोज परत येते, मधे काय करते ते विचारायचं नाही असं ठरलेलं आहे. तुमची तब्येत कशी आहे? पुण्याची हवा मानवते का? दिग्विजयच्या फ्लॅटाखालच्या बागेत जी म्हातारी मंडळी टाळ्या वाजवून हसतात ती नक्की कशाला हसतात, हे मागच्या खेपेला मी विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. सवडीनं कळवा. आणि फोन सोडून पत्र का, असं म्हणाल, तर फोनवर मी जीप हा शब्द काढला की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन नातवाच्या हातात देता. तो मला डायनासोरची नावं सांगतो. (बरीचशी पाठ झालीत आता.) पत्र त्याच्या हातात दिलंत तरी त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणजे ते तुम्हालाच वाचावं लागणार, असा हिशेब करून बसलोय.

तर जीप. ताई गेल्यावर तुम्ही पुण्याला गेलात ते गेलातच. दिवाळीला फोनवर म्हणालात, "आता कोण बसायचंय तिच्यात? पाडव्याच्या आत विकून मोकळा हो." तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही, तेव्हा गिऱ्हाईकं बघितली. पण दाजी, मला चौकशी केल्याबिगर साधी कोंबडी विकता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका गिऱ्हाइकाला विचारलं, जीप घेऊन करणार काय, रोज धुणार का, सावलीत लावणार का, घरात लहान लेकरं आहेत का. तो म्हणाला, मुलगी बघायला आलोय का जीप? आणि उठून गेला. दुसरा बार्शीचा, भंगारवाला. त्याला विचारलं, काय करशील? तो म्हणाला, कापणार. त्याला म्हटलं, पाडव्यानंतर ये बाबा. माणूस वाईट नव्हता, चहा पिऊन गेला.

असं चाललेलं असताना माघ संपता संपता गावात तीन पांढऱ्या गाड्या आल्या आणि तुमच्या जीपपुढं, लिंबाखाली, येऊन थांबल्या. त्यातून जी माणसं उतरली त्यांच्या कमरेला इतक्या वायरी होत्या की धुरपदाबाईला वाटलं लाईटचे लोक आले. (धुरपदाबाई म्हणजे आपल्या शेजारची, तुम्ही शाळेतून आलात की भिंतीवरून "मास्तर, आज काय शिकवलं" असं विचारायची ती. अजून ठणठणीत आहे, गुडघे तेवढे गेलेत.) मी लगोलग चौकशी केली. त्यांच्यातला मुख्य म्हणजे कैवल्य नावाचा पोरगा, दिग्दर्शक, राहणार मुंबई, मूळचा तुमच्या पुण्याचाच. तो म्हणाला, काका, विलायतेत गाड्यांचा एक कार्यक्रम आहे, लई वर्षं चालतोय, आता त्याची हिंदुस्थानी आवृत्ती निघतेय, 'फुल गिअर इंडिया'. मी म्हटलं, असतंय काय त्यात? तो म्हणाला, तीन माणसं गाड्या चालवतात, एकमेकांशी भांडतात आणि गाड्यांना नावं ठेवतात. आता हे तर आपल्या स्टँडवर सकाळी सहापासून चालतं, आणि ते बघायला कुणी थांबत नाही. जगभरातली माणसं आपापली कामं टाकून हे का बघत असतील, हा प्रश्न मला त्या दिवशी जो लागला तो अजून सुटलेला नाही.

त्याहून मौज पुढं आहे. हे सगळं आपल्या मनानं करायचं नसतं. लंडनहून एक जाडजूड पुस्तक येतं, त्यात लिहिल्याबरहुकूम करायचं. तिघांतला एक भांडकुदळ पाहिजे, एक हसरा, एक झोपाळू, असं त्यात आहे म्हणे, आणि तसे हुडकून आणलेले. मी तिघांनाही भेटलो. भांडकुदळ होता तो मला बिचारा शांत वाटला, त्याचं पोट बिघडलं होतं. झोपाळू मात्र नेमणुकीप्रमाणे झोपलेला होता. त्या पुस्तकात एक खेळ असा, की एक जुनी खेड्यातली गाडी आणि एक भारीतली बुटकी लाल गाडी यांची शर्यत लावायची, गावापासून डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत. किल्ला म्हणून कैवल्यनं येरमाळ्याची येडेश्वरीची टेकडी धरली होती (मी म्हटलं, देवीला विचारलं का? तो म्हणाला, परवानगीचं माणूस वेगळं आहे). जुनी गाडी म्हणून त्याला तुमची जीप पसंत पडली. शर्यत झाली की आम्हीच ती घेऊन टाकू, म्हणाला. मला वाटलं, चला, जीप मुंबईत टीव्हीवाल्यांकडं राहील, देशभर दिसेल, कुणी कापणार नाही. तुमचाही शब्द राहील. मी हो म्हटलं, आणि चालवणार मी अशी अट घातली. जीपच्या कागदांवर तुमच्या सह्या लागतील ते नंतर बघू, असं ठरलं.

दुपारी जेवताना आरोहीनं विचारलं, "बाबा, तुम्ही तो विलायती कार्यक्रम बघितलाय का एकदा तरी?" मी म्हटलं न्हाय. तिनं मोबाइल भाकरीच्या टोपल्याला टेकवून लावला. बघतो तर काय, शर्यत झाली, हरलेली गाडी क्रेननं वर उचलली, झाडाच्या वर नेली आणि दिली सोडून. चेंदामेंदा. आणि ते तिघं पोट धरून हसतायत. मला वाटलं अपघात झाला असेल. आरोहीनं पुढचा भाग लावला, त्यातही तसंच. दाजी, घास हातातच राहिला. तसाच उठून कैवल्यकडं गेलो. तो म्हणाला, "काका, पुस्तकातच आहे ते. हरणारी गाडी पडते. लोकांना तेच आवडतं." मी विचारलं, आणि लाल गाडी हरली तर ती पाडणार का? तर म्हणाला ती कंपनीची आहे, संध्याकाळी पुसून परत द्यायचीय. म्हणजे कायदा आपल्यापुरताच. मी मोडता घालायला गेलो तर क्रेन कळंबहून निघालेली, गावात पत्रावळी मांडून त्यांच्या माणसांची जेवणं झालेली, आणि वर मी जिभेनं हो म्हटलेलं. शामला म्हणाली, "आता एकच करा. जिंका."

जिंकणं काय अवघड होतं असं नाही. रस्ता माझ्या पायाखालचा. ढोकीला कारखान्याचा हंगाम, उसाच्या ट्रॉल्या, येडशीला गतिरोधक, लाल गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं. अडचण जीपची नव्हती, ताईची होती. तुम्ही जीप लिलावात घेतलीत पण चालवायला शिकला नाहीत, चालवायचो मी, आणि जीपमध्ये राज्य होतं ताईचं. रिकामी जागा घेऊन जीप गावाबाहेर काढायची नाही, हा तिचा कायदा. धाराशिवला दवाखाना असो का तुळजापूरला देवी, जीप भरल्याबिगर निघायची नाही, आणि वाटेत हात केला त्याला सोडून जायचं नाही. त्यामुळं गावाला अशी सवय लागलीय की जीप लिंबाखालून हलली की ज्याला जायचंय तो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि घरी जाऊन आवरून येतो. शर्यतीच्या दिवशी सकाळी मी जीप पुसून बाहेर लावली, गंध लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि वळून बघतो तर आत रुमाल, टॉवेल, एक छत्री, एक नारळाची पिशवी. सगळ्या जागा धरलेल्या. मी ओरडलो, अरे शर्यत आहे आज. धुरपदाबाई तोवर आत बसलेली, ती म्हणाली, "आसंल की. पर येरमाळ्यालाच चाललास नव्हं?"

पुढची डावी जागा तेवढी मोकळी, म्हणजे मोकळी नाही, तुम्हाला ठाऊक आहे ती. कॅमेऱ्यावाला तिथं बसायला गेला तर धुरपदाबाईनं मागून त्याच्या सदऱ्याला धरलं. "ती धरल्याली हाय." तो म्हणाला, कुणी? ती म्हणाली, "तुला काय करायचंय, मागं ये." तो निमूटपणे मागं नारळाच्या पिशवीशेजारी बसला आणि येरमाळ्यापर्यंत माझ्या मानेचं चित्रण करत राहिला. (मान घासून घे असं शामला सकाळी म्हणाली होती. मी ऐकलं नाही.)

झेंडा पडला. लाल गाडी अशी काही ओरडत सुटली की गोठ्यातल्या म्हशींनी दावी ताणली. आपली जीप उतारावर लोटून चालू करावी लागते, ती मंडळींनी उतरून लोटली आणि पुन्हा आत बसली. ढोकीपर्यंत लाल गाडीचं दर्शन झालं नाही. ढोकीच्या पुढं ती दिसली, उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं, भांडकुदळ हॉर्न वाजवतोय आणि ट्रॉलीवरचा माणूस त्याला ऊस देतोय. मी चिखलाच्या कडेनं जीप घातली आणि पुढं निघालो. मग मला पळसाच्या वळणावर थांबावं लागलं, एकानं हात केला म्हणून. तेवढ्यात भांडकुदळ पुढं गेला. येडशीच्या प्रत्येक गतिरोधकावर तो खाली उतरून गाडीखाली वाकून बघायचा आणि प्रत्येक गतिरोधकाशेजारी चहाची टपरी. गावोगावचे लोक त्याला असं कोरडं कसं जाऊ देतील? कुणाचे तुम्ही, मूळ गाव कोणतं, गाडीत कडब्याच्या पेंढ्या किती बसतात, सगळी विचारपूस. पोट बिघडलेलं असताना त्यानं किती चहा घेतले देव जाणे. शेवटच्या टपरीवर मी त्याला बाकावर पाय पोटाशी घेऊन बसलेला बघितला, आणि आपली जीप त्याच्यासमोरून निघून गेली. आत सगळ्यांनी येडेश्वरीच्या नावानं उदो केला. दाजी, मी जिंकत होतो. टेकडी दिसायला लागली होती, देवळाचा कळस दिसत होता, आरशात रस्ता रिकामा होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते धुळीनं नाही.

आणि त्या शेवटच्या फाट्यावर एक बाई उभी होती. कडेवर लेकरू, डोक्यावर टोपली, ऊन हे असं. तिनं हात केला. मी मनाला सांगितलं, उत्तरेश्वर, आज नाही, आज ताईची जीप वाचवायचीय. मन ऐकत होतं. पाय ऐकेना, तो ब्रेकवर गेला. मागून धुरपदाबाई म्हणाली, "सरका गं, बसू द्या तिला." टोपली आत घेईपर्यंत, लेकरू कुणाच्या मांडीवर द्यायचं ते ठरेपर्यंत लाल गाडी ओरडत बाजूनं निघून गेली. आपण पोचलो तेव्हा भांडकुदळाच्या गळ्यात हार पडलेला होता आणि क्रेन उभी होती. मला काय वाटलं ते लिहीत नाही. ताईचंच ऐकलं आणि ताईचीच जीप घालवली, एवढंच वाटत होतं.

आता नीट ऐका. जीपमधली मंडळी उतरली आणि परतीच्या जागेसाठी पुन्हा आपापले रुमाल टाकून दर्शनाला टेकडी चढून गेली. धुरपदाबाई पायऱ्यांमुळं खालीच, मागच्या सीटवर पदर तोंडावर घेऊन झोपली. क्रेनवाला सिदू, कळंबकडचा, साखळ्या घेऊन आला, आत डोकावला आणि साखळ्या खाली ठेवल्या. कैवल्यला म्हणाला, "साहेब, न्हाय उचलता यायची." का? "म्हातारीला उठवता येतं, पर जागा धरल्याल्या हायेत की." कैवल्यला वाटलं तो जास्त मागतोय. सिदू म्हणाला, "तुमी काय बी द्या. दुसऱ्यानं धरलेल्या जागंला मी हात लावीत न्हाय. उद्या माझ्या जागंचं कुणी असं केलं तर?" कैवल्यनं रागारागानं खिडकीतून हात घालून एक टॉवेल उचलला. बघायला जमलेली माणसं दोन पावलं मागं सरकली. तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं तो होता तसा परत ठेवला. मला हळूच म्हणाला, माझी आजी एसटीत असाच रुमाल टाकायची काका.

मग लंडनला फोन. पुस्तकाबाहेरचं काही करायचं तर तिथल्या मॅडमला विचारावं लागतं. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा जीपच्या बॉनेटवर ठेवला. आरोही, जीपमधूनच आलेली, मला मराठीत सांगत होती. मॅडमला टॉवेल म्हणजे काय ते माहीत होतं, पण टॉवेल टाकला म्हणजे माणूस बसलेलं आहे, हे समजावता समजावता कैवल्यचा घसा बसला. मला राहवेना. म्हटलं आरोही, विचार त्यांना, तुमच्याकडं गाडी अशी वरून टाकतात तेव्हा कुणी रडतं का? आरोही म्हणाली, बाबा नको. मी म्हटलं, विचार. तिनं विचारलं. मग मॅडम म्हणाल्या की हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि पुढं म्हणाल्या की त्यांच्या वडिलांची एक हिरवी गाडी होती, ती पुढं कुठं गेली ते त्यांना माहीत नाही. मग पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. पुस्तकात एक नियम निघाला: गाडी उचलण्याआधी आतल्या प्रत्येक वस्तूच्या मालकानं आपली वस्तू आपल्या हातानं बाहेर काढली पाहिजे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फार पूर्वी कुणाची तरी छत्री चेंगरली आणि मोठा खटला झाला, म्हणून.

मी म्हटलं, वाचलो. पण कैवल्य हुशार. दर्शनाहून माणसं खाली आली तशी त्यानं त्यांना सांगितलं, तुमचे रुमाल घ्या, तुम्हाला आमच्या पांढऱ्या गाडीतून तेरला सोडतो, थंड हवेची गाडी आहे. आणि दाजी, आपली माणसं. एकेक पुढं झाली आणि रुमाल उचलू लागली. छत्री गेली, टॉवेल गेला, नारळाची पिशवी गेली. ज्या बाईसाठी मी जीप हरलो ती तर पहिली जाऊन खिडकीशेजारी बसली. धुरपदाबाई उठून काठी टेकत बाहेर आली. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "माझ्याकडं काय बघतूस, माझं काय बी न्हाय आत." जीप रिकामी झाली. सिदूनं साखळी लावायला घेतली आणि पुन्हा थांबला. "पुढं हाय की एक."

पुढच्या डाव्या जागेवर ताईचा रुमाल. निळ्या काठाचा. कैवल्य म्हणाला, हा कुणाचा? त्यांना बोलवा. धुरपदाबाई बोलली. म्हणाली, "ज्या बाईनं टाकला ती गेली. शेवटच्या श्रावणात तुळजापूरला निघायचं ठरलं हुतं. मास्तर कायम उशिरा, चष्मा हुडकत बसायचं, म्हणून ती आदल्या सांजंलाच त्यांच्या जागंवर रुमाल टाकून ठिवायची. त्या दिवशी बी टाकला, अन् रातीत आजारी पडली. जीप निघालीच न्हाय. तिनं जागा मास्तरांसाठी धरलीया. आता रुमाल उचलायचा तर मास्तरांनीच उचलावा." कैवल्यनं विचारलं, मास्तर कुठायत? धुरपदाबाई म्हणाली, "पुण्याला. यायचेत अजून."

सिदूनं साखळ्या गोळा करून क्रेनवर टाकल्या. कैवल्यनं लंडनला फोन लावला आणि जरा बाजूला जाऊन बोलला, म्हणून काय बोलला ते कळलं नाही. (मी मागं मागं गेलो होतो. तो आणखी पुढं गेला.) परत येऊन म्हणाला, मॅडम म्हणतात नियम म्हणजे नियम, जीप नाही पाडायची. पण काहीतरी पाडावंच लागेल, तेही पुस्तकात आहे. तेव्हा दाजी, तुमच्या जीपच्या जागी मी माझी मोपेड दिली. लग्नाआधीपासूनची, जिच्यावरून शामलाला बघायला गेलो होतो ती. दुसऱ्या दिवशी तेरला आपल्या रिकाम्या रानात क्रेन आली, अख्खी शाळा बघायला आली, मोपेड बांधावरच्या लिंबाच्या वर गेली आणि खाली आली. भांडकुदळ हसला नाही. झोपाळू दचकून जागा झाला. तुमच्यासाठी मी एवढं केलं, ते मी सांगत नाही, पण तुम्हाला कळावं.

जीप लिंबाखाली आहे. तुमची तब्येत सांभाळा, दिग्विजयला व सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला सांगा की लांब मानेच्या डायनासोरचं नाव मामाआजोबा विसरले.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. मी शामला. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. दाजी, ती मोपेड बंद पडून आरोही चौथीत होती तेव्हापासून गोठ्यामागं आहे, तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. मला बघायला हे तिच्यावरून आले नव्हते, तिला ढकलत आले होते. आता कोंबडी अंडी कुठं घालते ते सापडत नाही. बाकी लिहिलेलं सगळं खरं आहे.

आणखी ता. क. शामलाच्या लिहिण्याकडं लक्ष देऊ नका. कार्यक्रम टीव्हीवर कधी लागणार ते कैवल्य कळवणार आहे. शर्यतीत जीप म्हणून बहुतेक माझी मान दिसेल.

शेवटचा ता. क. बार्शीचा भंगारवाला काल पुन्हा येऊन गेला. त्याला सगळं सांगितलं. तो पुढच्या खिडकीतून बराच वेळ आत बघत उभा राहिला आणि म्हणाला, मास्तरांनी स्वतः रुमाल काढून दिला तर घेतो, नाहीतर नको. सिदूही तेच म्हणाला होता आणि लंडनच्या मॅडमही तेच म्हणाल्या. म्हणजे जीप विकायची असेल तर तुम्हाला यावं लागणार, दुसरा मार्ग मला दिसत नाही, आणि मी सगळीकडं चौकशी केलीय. तर मग पाडव्याला येण्यापेक्षा चैत्री पौर्णिमेलाच या. जीप येरमाळ्याच्या यात्रेला निघणार आहे, मागच्या सगळ्या जागा आत्ताच धरून झाल्यात. तुमची जागा आहे. चष्मा आदल्या दिवशी हुडकून ठेवा. रुमालावर धूळ लई बसलीय, आरोही झटकायला गेली तर धुरपदाबाईनं तिला हात लावू दिला नाही, तेव्हा झटकायलासुद्धा तुम्हीच या.